याद ठेवणारी मशीन

घाटंजीच्या त्या प्रकरणात ना खून होता ना दरोडा. तरी पोलिसातल्या नोकरीतलं इतर बरंच पुसट झालं, ते मात्र डोक्यातून जात नाही.

बोगस कापूस बियाण्याचा तेव्हा सुळसुळाट होता. जवळच्या तांड्यावरच्या एका शिक्षिकेने एका दुकानदाराविरुद्ध घाटंजीतल्या सायबर कॅफेतून कृषी कार्यालयाला ई-मेल केला. थोड्याच दिवसांत तो दुकानदार तांड्यावर गेला आणि तिचीच वाक्यं सगळ्यांसमोर म्हणून दाखवून दम देऊन आला. तिचा नवरा त्याच दुकानात हमाल होता. पाठवण्याआधी घरी कागदावर लिहिलेला मजकूर तिने फक्त त्यालाच वाचून दाखवला होता. तिने मुलीला उचललं, माहेर गाठलं आणि मग ठाण्यात आली.

"माह्या नवऱ्याशिवाय कोनाले ठाऊकच नोयतं, साहेब," एवढंच म्हणाली.

नवऱ्याला चौकशीला बोलावून ठाण्यात बसवून ठेवलं. आमच्या हवालदाराचा आवाज ऐकून भलेभले बोलू लागत. हा गडी मान खाली घालून एकच सांगत राहिला, "म्या कायले सांगीन? माह्याच घरची हाय ना ते."

खोटं बोलणारा माणूस दर वेळी थोडी भर घालतो. याने काहीच घातली नाही, म्हणून मी सगळे जबाब पुन्हा वाचले. दुकानदाराने तांड्यावर म्हटलेलं शेवटचं वाक्य बाईंनी कॅफेत बसल्यावर सुचलं तसं लिहिलं होतं. ते नवऱ्याने ऐकलंच नव्हतं.

त्यातच खबऱ्याकडून कळलं, दुकानदाराचा कारकून त्याच कॅफेत जातो आणि बाई उठल्या की तीच मशीन मागतो.

कॅफेवाले चाचा रेडिओ दुरुस्तीतून या धंद्यात आलेले, सज्जन गृहस्थ. मेलच्या पानावर मी एकच अक्षर दाबलं, तर खाली गिऱ्हाइकांची नावं रांगेने उभी राहिली. बाईंचं नाव निवडताच पासवर्डही आपोआप भरला गेला.

"लोकं पासवर्ड भुलतात साहेब, मंग माह्यावरच चिडतात," चाचा कौतुकाने म्हणाले. "म्हून म्या साऱ्या मशीनीले याद ठेवाले लावलं."

मला हसावं की रागवावं कळेना.

कारकुनाने कबुली दिली, गुन्हा दाखल झाला. बंद करताच सगळं विसरणारा दुसरा ब्राउझर चाचांनी टाकून घेतला. गिऱ्हाइकं कुरकुरली, चाचांनी ऐकून घेतलं.

साक्षीदाराची स्मरणशक्ती दांडगी असावी, असं आम्हा पोलिसांना वाटतं. ब्राउझरच्या बाबतीत मी उलटं पाहायला शिकलो. कोणता घ्यावा असं आजही कुणी विचारलं, तर तो वेगवान आहे का यापेक्षा तो नीट विसरतो का ते बघ, असं सांगतो.

पण हे मशीनपुरतं. बाई मुलीला घेऊन नवऱ्याला न्यायला ठाण्यात आल्या, तेव्हा मी त्याला म्हटलं, "मशीनचा घोटाळा होता रे, झालं गेलं सोडून दे."

"मशीन तं बंद केली का विसरते, साहेब," तो म्हणाला. "माह्यात तशी सोय नाई."

त्याने मुलीला खांद्यावर घेतलं आणि तांड्याच्या वाटेला लागला. बाई बऱ्याच मागून चालत होत्या.