अकोल्याच्या उन्हातली ग्रॅनाइटची भिंत

मे महिन्यात अकोल्याला हौसेनं कोणी जात नाही. आम्ही गेलो ते मामांच्या फोनमुळे. "तुया मैत्रिणीनं मले सडका दगड देला. भितीचा तुकडा खाली पडला आज. मामी नुकतीच तिथून आत आली होती, म्हणून वाचली!"

मैत्रीण म्हणजे नसरीन. अमरावतीत तिचं आणि तिच्या नवऱ्याचं ग्रॅनाइटचं दुकान आहे. माझ्या शब्दावर मामांनी घराच्या बाहेरच्या भिंतींसाठी तिच्याकडून काळा ग्रॅनाइट नेला होता. मी सांगितलं तेव्हा तिनं आधी वही काढून मामांच्या मालाची नोंद पाहिली. मग म्हणाली, "चल, बघून येऊ. माझा माल असा नाही."

सकाळी लवकर निघालो. उन्हाळ्यात जाणार असाल तर ऊन चढायच्या आत अकोला गाठा. बडनेरा, मूर्तिजापूर असा सरळ रस्ता, दोन्हीकडे नांगरून ठेवलेली काळी रानं. गाडी नसेल तर बडनेऱ्याहून रेल्वे सोयीची. मूर्तिजापूरला गरम आलूबोंडे घेतले. मी दोन खाल्ले, नसरीननं एक कुस्करून तसाच ठेवला.

मामांनी तिला "ये" म्हटलं, पण तिच्याकडे न बघता. पश्चिमेच्या भिंतीवर दोन लाद्या घट्ट भिडल्या होत्या, तिथला कोपरा उडाला होता. नसरीननं गाडीच्या किल्लीनं एकेक लादी ठोकून पाहिली. उत्तरेकडे खणखणीत आवाज, पश्चिमेकडे बद्द.

"एकाच खेपेचा दगड आहे मामा, दोन्हीकडे."

"मंग इकडंच काहून फुटते?" मामांनी विचारलं. तिनं फुटलेला कोपरा पुन्हा ठोकून पाहिला.

मी विज्ञान शिकवते, त्यामुळे थोडं ठाऊक होतं. ग्रॅनाइट एकजिनसी दिसला तरी त्यात वेगवेगळ्या खनिजांचे कण असतात. तापल्यावर प्रत्येक कण आपापल्या मापानं फुगतो आणि कणांमधले सांधे सैल होतात. पण ऊन तर साऱ्या वऱ्हाडात पडतं. मग हीच भिंत का?

दुपार कलल्यावर मामांनी बागेचा पाइप ओढला. "भित तापली का घराची भट्टी होते. रोज पानी मारतो मी."

भिंतीला हात लावून पाहिला, तर टेकवता येईना. त्यावर गार पाणी पडलं आणि गरम वाफारा तोंडावर आला.

"मामा, रुको! पाणी बंद करा!" नसरीन धावलीच.

भिंत बघता बघता वाळली. मात्र काळ्या दगडावर केसासारख्या बारीक ओल्या रेषांचं जाळं मागे राहिलं. प्रत्येक भेगेनं पाणी पिऊन ठेवलं होतं. आम्ही तिघंही पुढे वाकून बघत राहिलो.

"पाण्यानं वरचा थर एकदम आकसतो, आतला तापलेलाच असतो," मी म्हटलं. "त्या ओढाताणीत भेगा पडतात. शिवाय लाद्यांना फुगायला मध्ये फट नाही, म्हणून कडा एकमेकींना रेटतात."

मामा पाइप गुंडाळू लागले. "फट मीच ठेवू देली नाई. वंगाळ दिसते म्हटलं."

"आणि दगड कुठल्या भिंतीला लावणार, ते आम्ही विचारलंच नाही," नसरीन म्हणाली. "पश्चिमेला काळा लावू नका, एवढं सांगायला पाहिजे होतं."

मामांनी आता तिच्याकडे पाहिलं. "फोनवर मी लय बोललो पोरी. चुकलं माह्यं. जेवल्याबिगर जाऊ नको."

मामीनं बेसनाच्या पातोडीचा झणझणीत रस्सा आणि आमरस केला होता. नसरीननं दोनदा रस मागून घेतला. निघण्याआधी भिंतीखालचा रस्ता दोरी बांधून बंद केला. त्या बाजूच्या लाद्या काढून तिथे पांढरा रंग द्यायचं ठरलं.

आता अमरावतीत संध्याकाळी फिरताना मी लोकांच्या भिंतींना हात लावून बघते. ज्याला आपण 'दगड' म्हणून निर्जीवपणाचा दाखला देतो, तो दिवसभर फुगतो आणि रात्रभर आकसतो, याचं अजून नवल वाटतं. परवा दुकानात गेले, तर नसरीन एका गिऱ्हाइकाला विचारत होती, "भिंत कोणत्या दिशेची?"

"काहून ताई, वास्तू पाह्यता का?" तो हसला.

"नाही भाऊ," ती म्हणाली, "ऊन बघते."