खंडेनवमीचं इंजिन

जगदेवराव कधी खरं बोलले, असं इंदरगंजातल्या आमच्या गल्लीत कुणाला आठवत नव्हतं. त्यांच्या आजोबांनी म्हणे भर पुरात घोड्यासकट चंबळ पार केली होती. दर सांगण्यात नदीचं पात्र रुंदावायचं, आणि सन चौतीसपर्यंत त्या घोड्यावर एक जखमी सुभेदारही येऊन बसला होता. अशा पराक्रमी शिलेदाराचे नातू मुरारच्या रस्त्यावरल्या एका सरदारांच्या कोठीत बागेचे दरोगा होते. म्हणजे माळी पाणी घालत आणि हे छत्री धरून उभे राहत. मी त्याच कोठीत कारकून होतो आणि घरी आमची भिंतीला भिंत.

त्या साली सरदारांनी गवत कापायचं विलायती यंत्र मागवलं, पेट्रोलच्या इंजिनाचं. तोवर बैल जोडून ओढायचं यंत्र होतं. हिरवळीवर खूर उमटू नयेत म्हणून बैलांना कातडी जोडे घालत. माळी अनवाणी असत, पण त्यांचे पाय उमटत नव्हते. नवं यंत्र दीड महिना चाललं आणि मुकं झालं. मोटारखान्यातल्या ड्रायव्हरने त्याला दोन लाथा मारल्या आणि विलायतेहून माणूस बोलवावा लागेल, असं निदान केलं. इकडे नवमीच्या संध्याकाळी त्याच हिरवळीवर पाहुण्यांचा चहा ठरलेला. कारभारी रघुनाथराव डोकं धरून बसले होते.

जगदेवराव पुढे झाले. "फिकर कशाला करता? इंजिन माझ्या घरी पाठवून द्या. अष्टमीपर्यंत चालू होऊन जाईल."

"आणि न झालं तर?"

"तर मला गोठ्यावर टाका, शेण मोजायला."

रघुनाथरावांनी ते कबूल करून टाकलं. आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या, हसू दिसू नये म्हणून.

मग त्यांच्या ओसरीवर शस्त्रक्रिया सुरू झाली. त्यांच्या बायकोच्या, विजयावहिनींच्या, कणकेच्या परातीत घासलेटात बुडालेले सुटे भाग पडले, आणि वहिनींनी चार दिवस ताटात कणीक मळली. मी रोज संध्याकाळी समाचाराला जायचो आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत बातमी पुरवायचो. पेट्रोल जायचं बारीक भोक गवताच्या भुशाने तुंबलंय, असं त्यांना सापडलं. सुईने ते मोठं होईल म्हणून त्यांनी देवघरातल्या चवरीतून घोड्याच्या शेपटीचा एक केस उपटला आणि तो भोकातून ओवत बसले. कचेरीत मी सांगितलं, "आता इंजिनावर चवरी ढाळताहेत. प्रसन्न झालं तर चालेल." खूप हसलो आम्ही.

अष्टमीच्या दुपारी मी आडवा झालो होतो. भिंतीपलीकडे खोकल्यासारखा आवाज झाला, थांबला, परत झाला, आणि मग इंजिन सरळ धडधडायला लागलं. घड्याळात पाहिलं, अकरा मिनिटं चाललं. जगदेवराव लहान मुलासारखे ओरडत होते. मला आनंद व्हायला हवा होता. खरं सांगतो, वाईट वाटलं. मी कूस बदलली.

नवमीला सकाळी रघुनाथरावांनी मला गाडी देऊन इंजिन आणायला पाठवलं. पाहतो तो दोन तलवारी आणि एक ढाल यांच्या मधोमध इंजिन विराजमान, हळदकुंकू लावलेलं, वर झेंडूची माळ. जगदेवराव कपाळाला हात लावून बाजूला उभे. ते नदीवर स्नानाला गेले असताना नवऱ्याचा पराक्रम म्हणून वहिनींनी ते शस्त्रांबरोबर पुजून टाकलं होतं.

"भाऊजी, उद्या सीमोल्लंघन झालं की न्या," वहिनी म्हणाल्या. "आमच्याकडे पुजलेलं हत्यार त्याआधी जागचं हलवत नाहीत. सासऱ्यांनी कधी हलवलं नाही, मी नाही हलवू देणार."

आता आजोबांच्या नावावर जन्मभर जगलेल्या माणसाने यावर काय बोलावं? रिकामी गाडी घेऊन आम्ही दोघे कोठीवर आलो.

"हत्यार!" रघुनाथराव म्हणाले. "बहाणा बाकी बढिया शोधलात."

"चालू झालं होतं, देवाशपथ. ह्या पांडुरंगरावांना विचारा. भिंत एकच आहे आमची."

सगळे माझ्याकडे वळले. रघुनाथरावांनी सरळ विचारलं, "चाललं का हो?"

हो म्हणायला काय लागत होतं? पण इतके दिवस ज्यांना हसवलं ते सगळे तोंडाकडे बघत होते. मी म्हणालो, "मला तर फक्त ह्यांचाच आवाज ऐकू आला."

कचेरी हसून लोटपोट झाली. जगदेवराव हसले नाहीत. बैलांना जोडे चढवले, हिरवळ कापली गेली, चहा झाला, आणि जगदेवराव गोठ्यावर गेले.

दसऱ्याला संध्याकाळी ते सोनं द्यायला आमच्याकडे आले. मी शमीची पानं घ्यायला हात पुढे केला, तेवढ्यात आतून आमच्या शांताबाई करंज्यांचं ताट घेऊन बाहेर आल्या. त्यांना कचेरीतलं काही ठाऊक नव्हतं.

"भाऊजी, चाललं बाई तुमचं इंजिन!" त्या म्हणाल्या. "केवढा तो आवाज! मी ह्यांना म्हटलंसुद्धा, जगदेवरावांनी करून दाखवलं म्हणून. हे म्हणाले, झोपू दे."

जगदेवरावांनी माझ्याकडे पाहिलं. मला मान वर करवेना. त्यांनी पानं माझ्या हातावर ठेवली, मिठी मारली, रीत होती म्हणून, आणि करंजी न घेता गेले.

त्यानंतर आम्ही नऊ वर्षं शेजारी राहिलो. ओट्यावर ते इतरांना चंबळ सांगत, तिला पूर येई, घोडा पाण्यात उतरे. मी आलो की ते थांबत आणि विचारत, "काय पांडुरंगराव, जेवण झालं?"