पाय धरणारा

हाडांच्या दवाखान्यात, ऑपरेशनच्या खोलीत आपला नवरा नेमकं काय करतो, हे त्याच्या बायकोने शेजारणीला एका वाक्यात सांगून टाकलं होतं. "दिवसभर लोकांचे पाय धरतात आणि त्याचा पगार घेतात." चेष्टा होती, पण त्यात खोटं काही नव्हतं. मांडीचं हाड मोडलं की त्याच्या आतून पोलादी रॉड घालतात, आणि रॉड बसून त्याला वरखाली स्क्रू लागेपर्यंत तो पाय कुणीतरी ताणून, सरळ धरून ठेवावा लागतो. मोठ्या दवाखान्यांत हे काम टेबलच करतं. इथलं टेबल म्हातारं, त्याच्या चापाचे आटे झिजलेले, आणि नवीन टेबल येणार येणार म्हणता म्हणता दोन डॉक्टर रिटायर होऊन गेले. तेव्हा टेबलाच्या जागी हा माणूस. एकदा त्याने टाच धरली की ती सुटायची नाही, म्हणून सगळे त्याला पक्कड म्हणायचे. खरं नाव पगार काढणाऱ्या कारकुनाला तेवढं ठाऊक.

पक्कडला आपल्या हातांचा गर्व होता, आणि का नसावा? हाड लांबीला नीट जुळलं की नाही हे एक्स-रेच्या पडद्यावर दिसतं. पाय स्वतःभोवती किती फिरलाय, ते मात्र तिथे धड कळत नाही. त्यासाठी गुडघ्याची वाटी आणि पायाचा अंगठा बघायचा, दोन्ही छताकडे हवेत. पाऊल तर हिरव्या कापडात गुंडाळलेलं असतं. म्हणून खालचे स्क्रू बसवण्याआधी डॉक्टर हात थांबवून विचारायचे, "पाय सरळ?" त्यावर कापड बाजूला सारायचं, डोळ्यांनी बघायचं आणि मग उत्तर द्यायचं, अशी रीत. ही रीत बाकीच्यांसाठी. पक्कड कापडावरूनच टाच चाचपायचा आणि म्हणायचा, "हो साहेब." नवीन नर्स आली की तिला ऐकवायचाही, "माझ्या हातांना डोळे आहेत, ताई." डॉक्टरांनीही ते मान्य केलं होतं, कारण इतक्या वर्षांत ते उत्तर कधी चुकलं नव्हतं.

मग पोस्टवाली आली.

ती त्याच्याच गल्लीत टपाल वाटायची. चालणं काय होतं तिचं. पिशवी खांद्याला, नजर घराच्या नंबरांवर, आणि पाय आपले आपण पुढे. कुत्रीसुद्धा तिच्यावर भुंकायची सोडून तिच्यासोबत नाक्यापर्यंत जायची. त्याच नाक्यावर एका टेंपोने तिला उडवलं आणि उजवी मांडी मोडली. ऑपरेशनला पाठीत सुई दिली. त्या सुईने कमरेखालचं शरीर बधिर होतं, माणूस मात्र जागा राहतो, आणि त्याने काही बघू नये म्हणून छातीपाशी पडदा लावतात. पडद्यापलीकडून ती पक्कडला म्हणाली, "काका, तुमचं एक पाकीट माझ्या पिशवीतच राहिलंय बघा." सगळे हसले. थोड्या वेळाने ती बोलायची थांबली, तेव्हा तिचा डोळा लागला असं सगळे धरून चालले.

त्या दिवशीचं हे तिसरं ऑपरेशन. रॉड ठोकून आत घालायला वेळ लागला, प्रत्येक ठोक्याचा हादरा पक्कडच्या मनगटात येत होता. कोपरापासून खाली हात कधी मेले ते त्यालाही समजलं नाही. "पाय सरळ?" डॉक्टरांनी विचारलं. त्याने टाच चाचपली. हातांना काहीच लागलं नाही. "हो साहेब," तो म्हणाला, कारण त्याच्या तोंडाला दुसरं उत्तर माहीतच नव्हतं. स्क्रू बसले.

हाड छान जुळलं. पोस्टवाली काठीवर आली, मग काठीही सुटली, आणि एका सकाळी ती गल्लीत टपाल घेऊन आली. पक्कड दाढी करत खिडकीत उभा होता. तिचं डावं पाऊल रस्त्यावर सरळ पडत होतं. उजवं बाहेर वळलेलं होतं. ती गल्लीतून पुढे जात होती आणि तिचं उजवं पाऊल त्याच्या दाराकडे बघत होतं.

पहिल्यांदा त्याने स्वतःची समजूत घातली. नवीन नवीन आहे, सवय लागेल. पण सवय त्यालाच लागली, ती आवाजाची. आधी टप्, मग घासल्याचा आवाज, पुन्हा टप्. तो आवाज लांबून यायचा, दारापाशी थांबायचा, टपाल आत सरकायचं, आणि आवाज पुढे निघून जायचा. रविवारी टपाल नसतं, तरी रविवारीही तो आवाज यायचा. पक्कड दार उघडून बघायचा. गल्ली मोकळी असायची.

दुपारी जेवून आडवा झाला की झोपेत त्याचे हात हालायचे. एकदा बायको शेजारी पडली होती, तिचा घोटा त्याने घट्ट धरला आणि हळूहळू आत वळवायला लागला. "अहो, माझा पाय कुठे वळवताय?" ती घाबरून उठली. त्याचे डोळे मिटलेले होते, आणि तो पुटपुटत होता, हो साहेब, हो साहेब. बायकोने त्यानंतर चेष्टा केली नाही. दुपारची ती बाहेरच्या खोलीत झोपायला लागली.

पोस्टवाली दवाखान्यात आली तेव्हा तो प्लास्टरची बादली घेऊन तिथेच उभा होता. जिने चढताना आपलंच पाऊल आपल्याच पायात येतं, दोनदा पडले, गुडघा रात्रभर ठणकतो, असं ती सांगत होती. पोस्टातले साहेब म्हणतात, खिडकीवर बसून तिकिटं विक. "मला बसवू नका हो डॉक्टर. बसले की मी संपले." डॉक्टरांनी तिला पाठीवर झोपवून दोन्ही पावलं बघितली. मग म्हणाले, "पाय फिरलेला असताना स्क्रू बसले. चूक माझी आहे. खात्री मी करायला हवी होती." हाड पुन्हा कापावं लागेल, पाय वळवून नवीन रॉड घालावा लागेल, आणि दुसऱ्यांदा चुकलं तर तिसऱ्यांदा सुधारायला फारसं काही उरणार नाही, हेही त्यांनी लपवलं नाही.

भला माणूस. आणि त्याच भलेपणाने पक्कडची वाट लावली. डॉक्टरांनी त्याच्यावर ढकललं असतं तर तो भांडला असता, रडला असता, मोकळा झाला असता. आता बोलायला जागाच उरली नाही. तो बादली ढवळत राहिला, आणि प्लास्टर बादलीतच घट्ट झालं.

त्याने मनाशी ठरवलं, दुसऱ्या ऑपरेशनच्या दिवशी रजा टाकायची. मनगट दुखतं म्हणून सांगायचं, आणि ते खोटंही नव्हतं. पण रजेचं काढताच डॉक्टर म्हणाले, "रजा नंतर घ्या. पाय धरायला तुम्हीच हवे, असं तिने सांगितलंय." तिने का सांगितलं असावं? तिला काही माहीत नाही म्हणून? घरी त्याने बायकोला विचारलं. बायको भाजी निवडत होती. ती म्हणाली, "विश्वास असेल." हा शब्द त्याला कुठल्याही शिवीपेक्षा जास्त लागला.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी त्याने हात धुतले, पुन्हा धुतले, नर्स ओरडली तेव्हा थांबला. पोस्टवाली टेबलावर होती, पाठीत सुई दिलेली, छातीपाशी पडदा. या वेळी ती पाकिटाबिकिटाचं काही बोलली नाही. पक्कडने टाच हातात घेतली. पाय थंड होता आणि नेहमीपेक्षा जड वाटला. जुना रॉड स्क्रूंसकट निघाला, करवत चालली, हाड सुटलं, पाय त्याच्या हातात सैल झाला. तो त्याने आत वळवला, जसा महिनोन्महिने झोपेत वळवत आला होता. नवीन रॉड आत गेला. प्रत्येक ठोका मनगटात येत होता, आणि दोन ठोक्यांच्या मधे, देवाशपथ, त्याला तो घासल्याचा आवाज ऐकू येत होता, खोलीच्या आत, अगदी जवळ.

ठोकणं थांबलं. डॉक्टरांनी हात वर घेतला.

"पाय सरळ?"

त्याच्या बोटांनी कापडावरून टाच चाचपली. बोटं म्हणाली, सरळ. अगदी नेहमीसारखी, छातीठोकपणे. उत्तर त्याच्या जिभेवर आलंसुद्धा.

पडद्यापलीकडून पोस्टवाली बोलली. आवाज हळू होता, राग नव्हता त्यात.

"काका, या वेळी बघून सांगा."

मागच्या वेळी तिचा डोळा लागलेला नव्हता. ठोके, डॉक्टरांचा प्रश्न, कापड सारल्याची सळसळ न होता लगेच आलेलं त्याचं उत्तर, सगळं तिने पडद्यामागे पडून ऐकलं होतं. ते ऐकूनही ती वर्षभर त्याच्या दारात टपाल टाकत होती, आणि त्याच्या तोंडावर "काका" म्हणत होती.

पक्कडने एक हात मोकळा केला आणि हिरवं कापड बाजूला सारलं. आधी गुडघ्याची वाटी बघितली, ती छताकडून जराशी ढळलेली होती. मग त्याने अंगठा बघितला. अंगठाही तसाच बाहेर झुकलेला होता. फार नाही, पण त्याच्या बोटांनी ज्याला सरळ म्हटलं होतं, तिथे तो नव्हता.

"नाही साहेब," तो म्हणाला. त्या खोलीत हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघत होता. "थांबा. अजून सरळ नाही."

डॉक्टरांनी स्क्रू परत नर्सच्या हातात दिला. पक्कडने दोन्ही हातांनी टाच धरली आणि अंगठ्यावरची नजर न काढता पाय हळूहळू आत वळवायला लागला. पडद्यापलीकडे पोस्टवाली गप्प होती, पण ती जागी आहे हे आता सगळ्यांना माहीत होतं.