पंप लेनच्या मधोमध

एव्हरिल काइम हिच्याविषयी छापील स्वरूपात जे उपलब्ध आहे ते फार थोडे, आणि त्यातलेही सगळे खरे नाही. २०१६ च्या शरद ऋतूत आमच्या थॉर्नडाइकच्या साप्ताहिकाने लिहिले की, शाळेसमोरचे तिचे काम वाचवायला ‘सारे गाव एक झाले’. मी त्या सकाळी तिथे असलेल्या अकरा जणांशी बोललो. गाव एक झाले नव्हते. एक बाई रस्त्याच्या मधोमध उभी राहून मोठ्याने बोलली होती, आणि आमच्याकडे ही घटना अधिक दुर्मीळ आहे.

एव्हरिल पंप लेनवर मुलांना रस्ता ओलांडून देत असे. सकाळी शाळा भरताना आणि दुपारी सुटताना चकाकता पिवळा कोट घालून, गोल पाटी लावलेला दांडा हातात घेऊन ती रस्त्यात उतरायची आणि दोन्हीकडची वाहने थांबवायची. त्या पाटीमुळे मुले तिला लॉलीपॉपवाली म्हणत. त्याआधी ती वाटाणे डबाबंद करणाऱ्या कारखान्यात होती. कारखाना बंद झाला, नंतर नवरा रॉन गेला, आणि उरले ते हे काम. कोणाच्या बुटाची नाडी सुटली आहे, कोणी डबा विसरला आहे, कोणाच्या घरी नवे बाळ आले आहे, हे तिला शिक्षिकांच्या आधी कळायचे. तिचा एकच नियम होता. ती ‘चला’ म्हणेपर्यंत पदपथावरून कोणाचाही पाय खाली उतरता कामा नये. नगराध्यक्षांनाही तिने एकदा मागे ढकलले होते.

आमचा भाग सपाट, ओलसर आणि कोबीचा. कोबी कापायला आणि फ्लॉवर खोक्यांत भरायला पूर्वी शेजारच्या गावांतून बायका येत. नंतर लिथुएनिया, पोलंड आणि पोर्तुगालमधून कुटुंबे येऊ लागली. दहा वर्षांत शाळेतली निम्मी मुले घरी दुसरी भाषा बोलणारी झाली. त्याच दहा वर्षांत दवाखान्यात नंबर लागेनासा झाला, वाचनालय आठवड्यातून दोनच दिवस उघडू लागले आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जाणारी रविवारची बस बंद झाली. या गोष्टी एकाच वेळी घडल्या. त्या एकमेकींमुळे घडल्या का, यावर गावात दोन पक्ष होते, आणि देशाने युरोपीय संघात राहायचे की बाहेर पडायचे या जूनमधल्या मतदानात त्यांतला एक पक्ष प्रचंड मोठा ठरला. एव्हरिल त्याच पक्षात होती. तिने हे माझ्यापासून लपवले नाही, आणि मला ते मवाळ करून सांगायचे नाही.

बस बंद झाल्याचा तिच्या आयुष्याशी सरळ संबंध होता. तिची थोरली बहीण आयव्ही जिल्ह्याच्या ठिकाणी वृद्धाश्रमात होती. दर रविवारी एव्हरिलला तिथे नेऊन आणायचा तो क्लाइव्ह पिंचबेक. क्लाइव्ह हा रॉनचा मित्र, निवृत्त ट्रकचालक. सकाळी वर्तमानपत्र घेऊन तो पंप लेनवरच्या दुकानाच्या दारात टेकून उभा राहायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला काहीतरी बोलायचा. बहुतेकांना ते आवडायचे.

निकालाच्या शुक्रवारी सकाळीही तो तिथेच होता. रासा नावाची लिथुएनियन बाई तिच्या उर्टे या मुलीचा हात धरून रस्ता ओलांडत होती. ती रात्रपाळीला फ्लॉवर भरायची आणि घरी जाऊन झोपण्याआधी मुलीला शाळेत सोडायची. रस्त्याच्या मधोमध एव्हरिल पाटी उभारून उभी होती.

क्लाइव्ह दारातून ओरडला, “काय गं बाई, बॅगा भरायला घेतल्या की नाही?”

दोनतीन जण हसले. मागून येणाऱ्या आया थांबल्या. त्या सगळ्यांनी क्लाइव्हकडे नाही, एव्हरिलकडे पाहिले, कारण त्या जागेवर हुकूम तिचा चालायचा.

एव्हरिल म्हणाली, “आज जरा ढगाळच आहे, नाही का?”

बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. आमच्यात याला शिष्टाचार म्हणतात. कोणी चारचौघांत घाण केली तर आपण आकाशाकडे पाहायचे, म्हणजे घाण करणाऱ्याला सावरायला वेळ मिळतो. एव्हरिलच्या मते तिने तणाव मोडला होता. रासा उर्टेला घेऊन पलीकडे गेली.

सोमवारी रासा आली नाही. दुसऱ्याही काही आया आल्या नाहीत. एव्हरिलने आधी कांजिण्यांची साथ असेल असे धरले, मग सुट्ट्या जवळ आल्याचे धरले. विचारले मात्र कोणालाच नाही, कारण विचारणेही आमच्यात उद्धटपणाचे. सप्टेंबरमध्ये शाळा पुन्हा उघडली तरी ती मुले पंप लेनवर दिसेनात.

तेवढ्यात स्थानिक कौन्सिलने जाहीर केले की, पैसे कमी पडत असल्यामुळे रस्ता ओलांडून देणाऱ्या प्रत्येक जागेची नव्याने मोजणी होईल. जिथे पुरेशी वाहने आणि पायी ओलांडणारी पुरेशी मुले नसतील तिथले काम बंद. यावर शाळेच्या सभागृहात बैठक झाली. तिचे इतिवृत्त उपलब्ध आहे, पण ते इतके सभ्य आहे की निरुपयोगी आहे. खालचे संवाद मी उपस्थितांकडून जुळवले आहेत.

कौन्सिलचा ग्रॅहम कोड नावाचा अधिकारी म्हणाला, “आम्ही आधी एक चाचणी मोजणी केली. मागच्या वेळेपेक्षा मुलं निम्म्यावर आली आहेत.”

“शाळेत तर बसायला जागा नाही म्हणता,” कोणीतरी म्हणाले. “मग निम्मी गेली कुठं?”

“तेच तर! शाळेत जागा नाही, डॉक्टरकडे जागा नाही. एवढी माणसं आणून भरली, आणि आता हिचा दांडासुद्धा काढून घेणार,” क्लाइव्ह म्हणाला.

“डॉक्टरकडे जागा नाही म्हणतोस, तुझं गुडघ्याचं ऑपरेशन कुणी केलं रे?” मागच्या रांगेतून एक बाई म्हणाली. “पोर्तुगालचाच होता ना तो?”

“त्याला कोण जा म्हणतंय? तो चांगला होता.”

“हो, तुझ्या गुडघ्याला हात लावला की माणूस चांगला होतो!”

हशा पिकला. “आता बाहेर पडतोय ना आपण,” क्लाइव्ह म्हणाला, “पैसा येईल. ग्रॅहम, तेवढी कळ काढा की.”

ग्रॅहमने सांगितले की नियम पैशाचा नसून मोजणीचा आहे. पुन्हा तोच प्रश्न आला: मुले गेली कुठे?

तेव्हा दाराजवळ उभी असलेली रासा बोलली. “ती सुपरमार्केटच्या पार्किंगमधून जातात.”

“तिकडून? तिथं तर ट्रक मागे घेतात! आणि पुढं मोठा रस्ता. का पण?”

“तिकडे आम्हाला कुणी काही विचारत नाही,” रासा म्हणाली.

अध्यक्षस्थानी मुख्याध्यापिका होत्या. त्या म्हणाल्या, “मला वाटतं, आपण सगळे आता चहा घेऊया.” आणि सगळ्यांनी चहा घेतला. एव्हरिलने घेतला नाही. भरलेला कप तसाच हातात धरून ती रासाला शोधत होती, पण रासा कामावर निघून गेली होती.

पुढच्या शनिवारी ती रासाच्या घरी गेली. या भेटीच्या दोन हकिकती माझ्याकडे आहेत. एव्हरिल म्हणते तिने लिंबाचा केक नेला होता. रासा म्हणते तो बिस्किटांचा डबा होता. बाकी बोलणे दोघींच्या आठवणीत बरेचसे जुळते.

“वारा केवढा सुटलाय,” एव्हरिल दारातच म्हणाली.

“मिसेस काइम, तुम्ही वाऱ्यासाठी आलात का?”

“नाही.” एव्हरिल खुर्चीच्या अगदी कडेवर बसली. “पुढच्या गुरुवारी मोजणी आहे.”

“म्हणजे आमची मुलं हवीत.”

“हो. हवीत. खोटं कशाला बोलू? पण त्यासाठीच आलेय असंही नाही. त्या पार्किंगमध्ये एखाद्या पोराचं काही बरंवाईट झालं तर मला झोप लागणार नाही.”

“तुम्ही मत कोणत्या बाजूला दिलं?”

“बाहेर पडायला. आज पुन्हा विचारलंस तरी तेच देईन.”

रासा हसली. एव्हरिलच्या मते ते हसणे चांगले नव्हते. “मग मी उर्टेला काय सांगू? या बाईला आपण नकोत, पण गुरुवारी हव्यात?”

“मी तुला जा म्हटलं नाही.”

“नाही. तुम्ही म्हणालात, ढगाळ आहे.”

एव्हरिल म्हणाली, “मत माझं, ते मी ठेवीन. पण मी रस्त्यात उभी असताना तुम्हाला कोणी धक्का लावायचा नाही, गाडीनंही नाही आणि तोंडानंही नाही, हे बघणं माझं काम होतं. ते मी केलं नाही.”

“हे मला कशाला सांगता?” रासा म्हणाली. “त्याला सांगा.”

“क्लाइव्हला?”

“बोलला तो. मी तर काहीच बोलले नव्हते.”

“तो मला रविवारी आयव्हीकडे नेतो गं.”

“मला माहीत आहे,” रासा म्हणाली आणि केक किंवा बिस्किटे, जे काही होते ते, बशीत काढून तिच्यापुढे ठेवले. गुरुवारी येईन असे तिने कबूल केले नाही. एव्हरिलनेही पुन्हा विचारले नाही.

गुरुवारी ग्रॅहम कोड घडीची खुर्ची टाकून पदपथावर बसला. हातात मोजायचे छोटे यंत्र होते, प्रत्येक मुलामागे तो एकदा दाबायचा. नेहमीची मुले ओलांडून गेली. यंत्राचा आवाज फार वेळा आला नाही. क्लाइव्ह दुकानाच्या दारात होता.

मग कोपऱ्यावरून रासा आली, उर्टेला घेऊन. तिच्या मागे लाल टपालपेटीपाशी आणखी काही आया थांबून राहिल्या. त्या पुढे येत नव्हत्या आणि परतही जात नव्हत्या. एव्हरिल रस्त्यात उतरली, पाटी उभारली. एका बाजूला कोबीचा ट्रॅक्टर थांबला, दुसऱ्या बाजूला व्हॅन.

“चला,” ती म्हणाली.

रासाने पाऊल खाली टाकले, तसा क्लाइव्ह म्हणाला, “ग्रॅहम, यांना नीट मोजून घे रे बाबा. परत पाठवताना हिशेब लागेल!”

एव्हरिल वळली. पाटी तशीच वर होती.

“क्लाइव्ह, तोंड बंद कर.”

“अगं, मस्करी करतोय.”

“मस्करी नाही ही. जूनमध्येही नव्हती. तेव्हाच बोलायला हवं होतं मी. माझ्या रस्त्यावर हे चालणार नाही.”

“तुझा रस्ता? तूही मत आमच्याबरोबरच दिलंस ना?”

“दिलं. कोबी कोणी कापायचा, कायदे कोणी करायचे, यावर माझ्या घरी येऊन पाहिजे तेवढं भांड. चहा मी करीन. पण हे पोर रस्त्याच्या मध्ये आहे आणि तू त्याच्या आईला हाकलतोयस. लाज वाटत नाही?”

व्हॅनवाल्याने भोंगा वाजवला. एव्हरिलने त्याच्याकडे न पाहता पाटी आणखी वर केली. क्लाइव्हचा चेहरा लाल झाला. ट्रॅक्टरवाल्याने सांगितले की, एवढा संकोच त्याला लग्नातही वाटला नव्हता. कोणीतरी हवामानाविषयी काही म्हणेल अशी सगळ्यांची अपेक्षा होती. कोणी म्हणाले नाही. क्लाइव्हने वर्तमानपत्राची घडी घातली आणि तो निघून गेला.

रासाने टपालपेटीकडे पाहून हात केला. सगळ्या आया आल्या नाहीत. दोघी मुलांना घेऊन पार्किंगच्या वाटेनेच गेल्या, आणि त्यांतली एक आजही एव्हरिलला नमस्कार करत नाही. पण बाकीच्या आल्या. एव्हरिलने कोणालाच घाई केली नाही आणि ग्रॅहमचे यंत्र बराच वेळ वाजत राहिले.

त्या रविवारी एव्हरिल टोपी आणि कोट घालून खिडकीशी बसली. क्लाइव्हची गाडी आली नाही. दुपार झाल्यावर तिने टोपी काढली आणि आयव्हीला फोन केला. आयव्हीला ऐकू कमी येते, त्यामुळे कारण ओरडून सांगावे लागले आणि शेजाऱ्यांनाही कळले. त्यानंतर एव्हरिल महिन्यातून एकदाच, टॅक्सीने जाऊ लागली. एरवी दर आठवड्याला भेटणाऱ्या बहिणींच्या दृष्टीने ही किंमत लहान नव्हती, आणि एव्हरिलने तिचा उल्लेख मी विचारल्यावरच केला.

मोजणीचा निकाल काही आठवड्यांनी आला. पंप लेनवरचे काम कायम राहिले, तेही थोडक्यात. मतदानाविषयीचे तिचे मत बदलले, असे साप्ताहिकाने सूचित केले होते. ते चूक आहे. मी तिला तीनदा विचारले. तिसऱ्यांदा ती म्हणाली, “तुला काय ऐकायचंय ते आधी सांग, म्हणजे दोघांचा वेळ वाचेल.”

त्या काळात क्लाइव्ह वर्तमानपत्र दुसऱ्या दुकानातून घेत होता. नोव्हेंबरात ते दुकान बंद झाले आणि त्याला पुन्हा पंप लेनवर यावे लागले. त्या सकाळी तो पलीकडच्या पदपथावर येऊन उभा राहिला. तिथे रासा होती, उर्टे होती, आणखी चारपाच मुले होती. गाड्या वेगाने जात होत्या. क्लाइव्हला ऑपरेशन केलेल्या गुडघ्यामुळे पळत ओलांडणे शक्य नव्हते.

त्या सकाळविषयी मला तिघांनी स्वतंत्रपणे सांगितले आणि तिघांच्या सांगण्यात पुढचे सारखेच आहे. एव्हरिल रस्त्यात उतरली आणि तिने पाटी उभारली. वाहने थांबली. कोणाचाही पाय खाली उतरला नाही, क्लाइव्हचाही नाही.

“चला,” ती म्हणाली.

मुले निघाली, रासा निघाली, त्यांच्या मागून हळूहळू क्लाइव्ह निघाला. एव्हरिलपाशी आल्यावर त्याने टोपीला हात लावला. तिने मान हलवली, आणि तो पलीकडे पोचेपर्यंत पाटी खाली केली नाही. आकाश भरून आले होते. त्याविषयी दोघेही काही बोलले नाहीत.