अप्पा ड्रोन पसंत करतात

फोटो स्टुडिओत दोन गोष्टींचा ढीग कधीच कमी होत नाही. एक, लोकांनी न नेलेले पासपोर्ट फोटो. आणि दुसरे, किस्से! फोटो निदान दिवाळीच्या साफसफाईत फेकता येतात. किस्से मात्र कुणी फेकू देत नाही, मी तर मुळीच नाही.

आमचा स्टुडिओ सोलापुरात, नव्या पेठेत. मालक अप्पा. मूळचे कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीचे, त्यामुळे चिडले की कानडीत जातात. लग्नाचं शूटिंग श्रीनिवास करतो आणि एडिटिंग मी, सुनंदा. बावीस वर्षं त्याच खुर्चीवर बसून मी लोकांच्या वराती कापतेय.

तर त्या सीझनला एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची ऑर्डर घेऊन आले. अल्बम पाहिले, चहा प्यायले, आणि शेवटी विचारलं, "ड्रोन आहे ना तुमच्याकडे?"

अप्पा ताठ मानेनं म्हणाले, "शिडी हाय!"

खोटं नव्हतं ते. तीस वर्षं अप्पा शिडीवर चढूनच अख्ख्या वऱ्हाडाचा फोटो काढत आले. पण गृहस्थ उठले ते उठलेच! त्या महिन्यात अशा तीन ऑर्डरी गेल्या. संध्याकाळी अप्पा शटरकडे बघत म्हणाले, "असंच चाललं तर गाळा सोडू या गं." या वयात मी दुसरीकडे कुठं जाणार होते?

मी आणि श्रीनिवासनं हट्टच धरला, ड्रोन घ्यायचा. अप्पांच्या ओळखीचा कॅमेऱ्याचा दुकानदार होता, महेश. तो म्हणाला, "एकेक न्या, वापरून बघा. पसंत पडला तर ठेवा, नाही तर परत."

*

पहिला आणला तो दणकट. आमच्या गच्चीवरून उडवला आणि असा काही घरघरला की समोरच्या बँकेतली माणसं बाहेर आली. श्रीनिवास घाबरला आणि त्यानं तो झटकन खाली घेतला. नेमका शेजारच्या गच्चीवर!

तिथं काकूंनी चटणीसाठी लाल मिरची वाळत घातली होती. पंख्यांचं वारं लागलं आणि मिरची, बिया, देठ, सगळं गल्लीत! खालचा पानवाला शिंकला, मग रिक्षावाले, मग बँकेतले, जे खास बघायला बाहेर आले होते.

काकू डोळ्याला पदर लावून ओरडल्या, "मी वाळवायला ठेवली होती रे, उडवायला नव्हे!"

अप्पांनी शिंकता शिंकता निकाल दिला, "साकु! साकु!" कानडीत म्हणजे पुरे. मोठा ड्रोन त्याच दुपारी परत गेला. शहरात उडवायचा तर लहानच हवा, एवढं तरी ठरलं.

*

दुसरा इतका लहान आणला की श्रीनिवासच्या शर्टाच्या खिशात मावला. अप्पा खूश. "व्हय, हे बरं हाय."

पण सोलापूरचं वारं! वर गेला आणि तो आमचं काही ऐकेचना. तरंगत तरंगत गेला मागच्या गच्चीकडं. तिथं राहणाऱ्या चाचांची पाळलेली कबुतरं उडत होती. पन्नास कबुतरांत आमचा ड्रोन एकावन्नावा! श्रीनिवास बटणं दाबतोय, तोंडानं आपल्या घरच्या तेलुगूत देवाचा धावा करतोय, आणि ड्रोन आपला कबुतरांबरोबर घिरट्या घालतोय.

चाचांनी शांतपणे दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली. कबुतरं भराभर उतरली. आणि बॅटरी संपत आल्यानं त्याच क्षणी ड्रोनही आपोआप उतरला, त्यांच्या दाण्यांच्या परातीशेजारी.

आम्ही धावत गेलो तर चाचा ड्रोन हातात धरून म्हणतात, "सीटी तो समझता ये! आठ दिन मेरे पास छोडो, घर बी पहचानेगा!"

*

तोही परत गेला. तिसरा मात्र मलाही आवडला. लहान, आवाज कमी, आणि वाऱ्यात ठाम. महेश म्हणाला, "अडीचशे ग्रॅमच्या आत आहे, म्हणून कागदपत्रांची कटकट कमी. फक्त विमानतळाकडं उडवायचा नाही." शिवाय त्यानंच एक ऑर्डर आणली, त्याच्या नात्यातल्या मुलीचं लग्न, रविवारी दुपारचं. "त्यात वापरा. सोमवारी सांगा, ठेवता का देता."

महेशच्या शब्दावर विश्वास ठेवतील तर ते अप्पा कसले! ड्रोन थेट सोनाराकडं नेला. सोनारानं चष्मा लावला, काटा पुसला, आणि जाहीर केलं, "दोनशे एकोणपन्नास."

शनिवारी अप्पा लिंबू-मिरची घेऊन हजर. नवीन वस्तू पहिल्यांदा लग्नात जाणार, नजर नको लागायला. मी म्हटलं, "अहो अप्पा, अजून आपला कुठंय तो?"

"दुसऱ्याची वस्तू हाय, म्हणून तर जास्त जपायची!"

श्रीनिवासनं हात जोडले. "अप्पा, लिंबू बांधलं की हा कायद्यात बसत नाही ओ!"

अप्पांनी मिनिटभर विचार केला. मग ते लिंबू श्रीनिवासच्या पट्ट्याला बांधलं. "तुज्या वजनाला तर कायदा न्हाय की!"

*

रविवार उजाडला. निघताना अप्पा माझ्याकडं न बघता म्हणाले, "आज जमलं तर ठीक, सुनंदा. न्हाय तर उद्या हे परत, आन् गाळ्याचं पण सांगून टाकतो." मी सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

कार्यालयाच्या लॉनवर लग्न. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली, आणि श्रीनिवासनं ड्रोन सोडला. गोल फिरून तो नवरा-नवरीच्या वर येऊन थांबला. बस्स! पाहुणे सगळे वर. मामा वर, करवल्या वर, आचारीसुद्धा झारा घेऊन बाहेर!

भटजी "सावधान" म्हणाले आणि तीनशे हात उठले. हळद लावलेल्या ज्वारीच्या अक्षता सगळ्या सुटल्या त्या ड्रोनवर! नवरा-नवरी कोरडी ठाक.

भटजी माइकमध्ये ओरडले, "अहो, लग्न खाली लागतंय! खाली बघा, खाली!"

पंख्यांत ज्वारी गेली. ड्रोन डगमगला, कण्हला, आणि खाली यायला लागला. मी डोळेच मिटले. संपलं, म्हटलं, गेली खुर्ची!

उघडून बघते तर अप्पांनी गळ्यातला कॅमेरा सोडून दोन्ही हातांत ड्रोन झेललेला. नवरी खो खो हसत होती. महेश मात्र माणसं ढकलत स्टेजवर धावला. "अप्पा, द्या इकडं! उद्या कशाला, आत्ताच नेतो. तुम्हाला कुठला पसंत पडतोय!"

अप्पांनी ड्रोन छातीशी धरला. पंख्यातला एकेक दाणा बोटानं काढत म्हणाले, "काय बोलतोस बे महेश? अक्षता पडल्यात की त्याच्यावर! आता माघारी कसा धाडायचा?"