मंजू किती वाजता निघाली

वैशाखातला पहिला रविवार. मुळशीतल्या आमच्या घराची गच्ची. हजर: मी, माझ्या सासूबाई, शेजारच्या शमीमभाभी आणि महाळुंग्याहून सकाळच्या एसटीने आलेली माझी धाकटी बहीण मंजू. काम: चार किलो गव्हाच्या कुरडया.

तीन दिवस भिजलेल्या गव्हाचा आंबूस वास गच्चीभर पसरला होता. धरणाच्या पाण्यावरून येणारं वारं त्याला हलवत होतं, पण नेत नव्हतं. आणि कुरडया घालायला अंथरलेल्या धुतलेल्या धोतरांवर पडलेलं सकाळचं ऊन इतकं पांढरं होतं की डोळे मिटून घ्यावेत. कोणी काय करायचं ते मी आदल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं. चीक हाटायचं काम मंजूकडे, कारण लहानपणापासून तिचा हात दमत नाही, आणि चीक शिजताना हात थांबला की गाठी होतात.

हात थांबला. फोन वाजला होता, व्हिडिओ कॉल.

मंजूने हाटणी सोडून फोन उचलला आणि कुणी न सांगता तो गच्चीभर गोल फिरवला. सासूबाई, भाभी, मी, पाण्याची टाकी, जिना. मग तिच्या नवऱ्याचा, अविनाशचा, हसरा आवाज आला. “काय अवतार करून बसलीये! ताई, हिच्या हातात काही देऊ नका हं, वाट लावेल.” आम्ही हसलो. मंजूही हसली. सासूबाई म्हणाल्या, “लई जीव हाय गं जावयाचा.”

दुपारपर्यंत असे पाच फोन झाले आणि पातेल्यात गाठीच गाठी. सोऱ्यातून कुरडई उतरेना. माझं डोकं फिरलं. “एक काम धड होत नाही तुझ्याकडून,” मी म्हणाले.

“हो ना, तेही हेच म्हणतात,” मंजू म्हणाली.

तिला लागलं असतं, ती उलटून बोलली असती, तर मी विसरले असते. पण दुकानदाराने भाव सांगावा तितक्या सरळ आवाजात तिने ते मान्य केलं होतं. लग्नाआधी ही मुलगी ताम्हिणीपर्यंत एकटी स्कूटर घेऊन जायची आणि भिजून आल्यावर आम्हालाच चहा टाकायला सांगायची.

मंजू पाणी आणायला खाली गेली तशा शमीमभाभी सोऱ्या पुसत म्हणाल्या, “जीव कसला वो, ताई. सांजच्याला शेरडं मोजत्यात तसं मोजतोय त्यो. अन् तुमीबी ती निगाली की येळ कळवताय त्याला.”

मला राग आला, तो आधी भाभींचाच. मग आठवत गेलं. नऊ वर्षं मंजू माझ्याकडून निघाली की अविनाशचा मेसेज येतो, ‘ताई, किती वाजता निघाली?’ आणि मी, वेळेची पक्की म्हणून मिरवणारी, मिनिटासकट कळवते. एकदा बस चुकल्यावर ती धरणाच्या कडेला उगाच बसून राहिली होती, तेव्हा तेही मी कौतुकाने कळवलं होतं. त्यानंतर ती वर्षभर आली नव्हती. ‘घरात कामं असतात गं’ म्हणाली आणि मी ते खरं धरलं. कुणी हात उगारलेला नसला की आपल्याला सगळं ठीकच वाटतं.

पाचच्या बसने ती गेली. सव्वापाचला अविनाशचा मेसेज आला. मी उत्तर दिलं नाही. मग वाटलं, न दिलेल्या उत्तराचा जाब तिलाच द्यावा लागेल. तेव्हा ‘निघाली’ एवढंच लिहिलं आणि स्वतःवरच चरफडले.

धोतरं गोळा केली, पातेली घासली. राहिलं ते एकच: घरी नेमकं काय चालतं, हे मंजूला विचारायचं. फोन हातात घेतला आणि खाली ठेवला, कारण एव्हाना ती पोचली असेल, आणि घरी तिचा फोन तोच उचलतो. आज दिवसभर ती माझ्या गच्चीवर, माझ्यापासून हातभर अंतरावर होती, आणि मी तिच्याकडून चीक हाटून घेत होते.