पाळण्याची जोड

परंड्याच्या ताहेराबीला माणसाचा भार तराजूशिवाय कळत असे. ही विद्या तिला कोणी शिकवली नव्हती. ती तिला कामातून आली होती. तिचा नवरा जाफर आणि दीर चाँदपाशा यांचा चार पाळण्यांचा एक लाकडी रहाटपाळणा होता. उरूस असो, जत्रा असो, खांब आणि तुळया बैलगाडीवर लादून हे तिघे गावोगाव जात. तो पाळणा हाताने फिरवावा लागे. एका बाजूला जाफर व दुसऱ्या बाजूला चाँदपाशा उभा राही, आणि खाली आलेला पाळणा धरून वर लोटी. समोरासमोरच्या दोन पाळण्यांत सारखा भार असला म्हणजे चाक बोटाच्या जोराने फिरे. एका अंगाला भार जास्त झाला, की दोघा भावांचे खांदे दोन दोन दिवस धरत. म्हणून कोणाला कोठे बसवायचे हे ठरवण्याचे काम ताहेराबीने आपल्याकडे घेतले होते. या कामाला ती जोड लावणे असे म्हणे.

जोड लावताना ती माणसाच्या अंगाकडे पाहत नसे. लुगड्याचा घोळ आणि खांद्यावरची घोंगडी डोळ्यांना फसवतात, असे तिचे मत होते. ती टाच पाहत असे. चालताना टाच धुळीत किती बसते, यावरून तिला सगळे समजे. तिचा आणखी एक नियम होता, आणि तो तिने कधीही मोडला नाही. वजन हा शब्द ती तोंडातून काढत नसे. एखादी भारदस्त बाई आली, की ती तिला आदराने पाळण्यात बसवी आणि म्हणे, "तुमचा मान मोठा हाय. तुमच्या समोर दोघी बसवाव्या लागतील." बाई खूश होऊन बसत असे आणि समोरच्या दोघींनाही राग येत नसे.

पुढे चाँदपाशाला पाच मुले झाली. चार पाळण्यांवर दोन घरे चालेनात. त्याच सुमारास, म्हणजे एकोणीसशे एकसष्ट साली, आण्णासाहेब नावाच्या सुताच्या व्यापाऱ्याने सोलापुरात लोकांच्या करमणुकीसाठी आनंदबाग उघडली. तेथे विजेवर चालणारे बारा पाळण्यांचे लोखंडी चाक होते, गोल फिरणारे लाकडी घोडे होते, आणि झाडांच्या भोवती फिरणारी लहानशी आगगाडीही होती. चाकावर एक जाणता माणूस हवा आहे, असा निरोप परंड्याच्या एका कापडवाल्याने आणला. जाफरने दोन दिवस विचार केला आणि रहाटपाळणा भावाच्या स्वाधीन केला.

"आन जमलं न्हाय, परत आलाव, तर?" चाँदपाशाने विचारले.

"तर पाचवा पाळणा लावू," जाफर म्हणाला आणि हसला.

त्या रहाटाला पाचवा पाळणा लागत नाही, हे तिघांनाही पक्के ठाऊक होते. त्यामुळे हसणे तेवढ्यावरच थांबले.

जाफर आणि ताहेराबी परंड्याहून कुर्डुवाडीच्या गाडीत बसले. पूर्वी निजामाची हद्द ओलांडताना जेथे बोचकी सोडून दाखवावी लागत, त्या नाक्याच्या खोलीत आता कोणीतरी शेळ्या बांधल्या होत्या. ताहेराबीने खिडकीतून ते पाहिले आणि तिला बरे वाटले. कुर्डुवाडीहून ते आगगाडीने सोलापुरास पोहोचले.

बागेचे व्यवस्थापक नागप्पा हे उंच आणि सडपातळ गृहस्थ होते. बारा महिने त्यांच्या काखेत छत्री असे. त्यांनी जाफरला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले आणि अट सांगितली.

"महिनाभर बगतो. चाक नीट चाललं तर नोकरी पक्की, मागची खोलीबी तुमची. न्हाय चाललं, तर परंडा काय लांब न्हाय बगा."

तोपर्यंत दोघांनी पाण्याच्या पंपाशेजारच्या पत्र्याच्या छपरीत राहायचे ठरले. जाफरला पितळी बटणांचा खाकी कोट मिळाला. भर दुपारीही तो त्याची सगळी बटणे लावून उभा राही. ताहेराबीला मात्र काही काम नव्हते. ती दुपारी भाकरी घेऊन येई आणि संध्याकाळपर्यंत कठड्याला टेकून लोकांच्या टाचा पाहत बसे.

चाकाजवळ एक पाटी होती. तिकिटाच्या क्रमांकाप्रमाणे ओळीने बसावे, असे तीवर लिहिले होते. जाफर त्या पाटीची आज्ञा पाळत असे. पहिल्याच रविवारी गिरणीतली एक भरभक्कम मंडळी लागोपाठच्या सहा पाळण्यांत बसली आणि त्यांच्यामागून शाळेतल्या पोरी बसल्या. चाक अर्ध्यावर गेले, मोटारीचा पट्टा घसरला, आणि सगळे जागच्या जागी लोंबकळत राहिले. जाफरने क्षणभरही विचार केला नाही. त्याने टोपी काढून खाली ठेवली, पाळणा धरला आणि जोर लावला. धान्य मापताना पहिल्या मापाला जसे लाभ म्हणतात, तसेच तो फेरेही मोजत असे.

"लाभ. दोन. तीन."

लोक आधी हसले आणि मग त्यांनी टाळ्या वाजवल्या. नागप्पा छत्री सावरत धावत आले.

"जाफरभाई, हे काय चालवलंय?"

"चाक थांबलं व्हतं, साहेब."

"थांबलं तर बटन बंद करायचं. मिस्त्रीला हाक मारायची. लोक वीज बगायला तिकीट काढतात, तुमचे दंड बगायला न्हाय."

"टाळ्या तर दंडालाच पडल्या की, साहेब."

हे उत्तर नागप्पांना आवडले नाही. पुढच्या दोन आठवड्यांत पट्टा आणखी तीनदा घसरला. मिस्त्रीने पट्ट्याला राळ लावली आणि मग नवा पट्टा घातला. नवा पट्टाही घसरला. पट्ट्यात दोष नाही असे ठरल्यावर दोष माणसात असला पाहिजे, असे नागप्पा चारचौघांत बोलू लागले.

ताहेराबीने भाकरी वाढता वाढता नवऱ्याला म्हटले, "आवो, पट्ट्याचं काय न्हाय. जोड लागंना."

"मला दिसतंय की. पन पाटी हाय. नंबरानं बसवा म्हनून लिवलंय."

"पाटीला काय ठावं, कोन किती ते?"

"मंग तू सांग साहेबास्नी. माझं तर त्यास्नी दंडच दिसतेत."

ती खरोखरच नागप्पांकडे गेली. डोक्यावरचा पदर नीट करून तिने त्यांना जोडीची सगळी हकिकत सांगितली. नागप्पांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"ताहेराबी, तुमचं ते जत्रेचं चाक. चार पाळणे. हे बारा पाळण्यांचं हाय. याला जोडबिड लागत न्हाय."

"बारा म्हंजी सा जोड्या झाल्या, साहेब."

नागप्पांनी काखेतली छत्री या बाजूची त्या बाजूला घेतली आणि ते हिशेबाच्या खोलीकडे निघून गेले.

महिना संपायला तीन दिवस उरले. तो शुक्रवार होता. शुक्रवारी दुपारी बाग फक्त बायकांसाठी उघडी असे. त्या वेळात चाकावरचा पुरुष मोटारीजवळ, बांबूच्या तट्ट्याच्या आड बसे, आणि बसवण्या-उतरवण्याचे काम तिकीटवाली कस्तुराबाई करी. त्या शुक्रवारी आण्णासाहेबांच्या मोठ्या भगिनी उमाबाई घरातल्या आठ जणींना घेऊन आल्या. नागप्पांनी फाटकाजवळूनच कस्तुराबाईला बजावले, की मालकांच्या घरची मंडळी फिरत असताना दुसऱ्या कोणालाही बसवू नये. हा मान देण्यात त्यांची चूक झाली. नऊ जणी बोलता यावे म्हणून लागोपाठच्या पाच पाळण्यांत बसल्या आणि उरलेले सात पाळणे रिकामे राहिले.

कठड्याजवळ बसलेली ताहेराबी ते पाहूनच उठून उभी राहिली. तोवर चाक सुरू झाले होते. भरलेले पाळणे थोडे वर गेले, पट्टा घसरला, आणि चाक हळूहळू उलटे फिरून जेथून निघाले तेथे येऊन थांबले. कोणाला काही इजा झाली नाही. पण नऊ जणींनी एकदम केलेला आरडाओरडा फाटकाबाहेर नागप्पांपर्यंत पोहोचला. त्यांना आत येता येत नव्हते.

तट्ट्याच्या आडून जाफरचा आवाज आला, "ताहेरा, ढकलू का?"

"तुमी तिथंच बसा. हिकडं बायका हायत."

या एका क्षणी आपली खोली, नोकरी आणि सोलापूर सगळेच पट्ट्यासारखे घसरत आहे, हे ताहेराबीला उमजले. परंड्याला परत जाऊन पाचव्या पाळण्याची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. ती कठड्याच्या आत गेली. उमाबाईंचा पाळणा सर्वांत खाली होता. तिने त्याची कडी काढली.

"अक्का, वाईच उतरा."

"मी उतरू?" उमाबाई म्हणाल्या. "हे चाक माझ्या भावाचं आहे गं."

"भावाचं हाय, म्हनूनच तर. भनीचा मान नीट व्हायला पायजे. आमच्या परंड्याकडं मोठ्या मानसाला रांगेत बसवत न्हाईत. त्यांचा पाळना आधी लावायचा, आन मंग त्यांच्या समोरचा."

"समोर कोण बसणार?"

ताहेराबीने बाहेर ताटकळत उभ्या असलेल्या बायकांकडे पाहिले. तिची नजर त्यांच्या पायांवरून फिरली. विड्या वळणाऱ्या हरणाबाईवर आणि तिच्या जावेवर, प्रेमाबाईवर, ती थांबली.

"तुमचा मान मोठा हाय, अक्का. समोर ह्या दोघी लागतील."

उमाबाई भोळ्या नव्हत्या. त्यांनी त्या दोघींकडे पाहिले, स्वतःकडे पाहिले, आणि ताहेराबीवर डोळे रोखले.

"माझा मान किती मणांचा आहे, ते मला ठाऊक आहे."

कस्तुराबाईने जीभ चावली. घरातल्या सुना दुसरीकडे पाहू लागल्या.  नियम मोडायचा नाही, हे ताहेराबीने त्या घटकेसही सोडले नाही.

"मना-शेराचं म्या काय बोलले न्हाय, अक्का."

"तेच तर," उमाबाई म्हणाल्या आणि त्यांना एवढे हसू आले, की त्यांना पाळण्याचा दांडा धरावा लागला. "आमच्या घरात सगळे रोज बोलतात. बसव, तुला बसवायचं तसं."

मग ताहेराबीने हात चालवला. मालकांच्या घरच्या सुना आणि गिरणीतल्या, विड्यांच्या कारखान्यातल्या बायका तिने अशा मिसळल्या, की पंधरा मिनिटांत सहा जोड्या लागल्या. ही निळी चोळी हिकडे, ती लेकुरवाळी तिकडे, असे सांगताना तिच्या आवाजात पुन्हा जत्रेचा ठसका आला. तिने तट्ट्याकडे तोंड करून सांगितले, "व्हय, आता दाबा." चाक निघाले. पट्टा घसरला नाही. एकदा उमाबाई वर आणि हरणाबाई खाली, एकदा हरणाबाई वर आणि उमाबाई खाली, असे होऊ लागले.

"हरणाबाई, वरून तुझं घर दिसतं का?" उमाबाईंनी ओरडून विचारले.

"घर न्हाय दिसत, पन आमचा मुकादम झोपलेला दिसतोय," वरून उत्तर आले.

त्या दिवशी उमाबाई पाच वेळा बसल्या. जाताना त्यांनी फाटकात नागप्पांना एवढेच सांगितले, की पुढच्या शुक्रवारी आपण पुन्हा येणार आहोत आणि हीच बाई चाकाजवळ पाहिजे.

नागप्पा मालकांच्या माणसांच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्यांपैकी नव्हते, हे त्यांच्याविषयी सांगितले पाहिजे. शनिवारी त्यांनी पाटीवर गोणपाट टाकले आणि ताहेराबीला चाकाजवळ उभे केले. स्वतः ते तिकिटांच्या खिडकीशेजारी खुर्ची टाकून दिवसभर पट्ट्याकडे पाहत बसले. एका पहिलवानाने आधी कुरकुर केली. पण मानाचा पाळणा मिळतो आहे म्हटल्यावर तो मिशीला पीळ देऊन चढला. रविवारी तर गर्दी दुप्पट होती. दोन्ही दिवस पट्टा तसूभरही हलला नाही.

सोमवारी सकाळी नागप्पा छपरीपाशी आले. त्यांच्या हातात नोंदीची वही होती. जाफर कोटाची बटणे लावत बाहेर आला. ताहेराबी चुलीपाशी तव्यावरची भाकरी उलटत होती.

"जाफरभाई, तुमची नोकरी पक्की करता येत न्हाय," नागप्पा म्हणाले.

जाफरचा हात बटणावरच राहिला. तव्यावरची भाकरी करपू लागली, तरी ताहेराबीच्या ध्यानात आले नाही.

"पाळण्यावरची जागा एकच हाय," नागप्पा पुढे म्हणाले. "चाक तुमी चालवत न्हाय, ह्या चालवतात. तवा जागा ताहेराबींच्या नावानं पक्की केली. तुमाला मोटारीवर मदतनीस घेतलंय. खोली एकच मिळंल, ती तुमी दोघं वाटून घ्या. आन चाकाला हात लावायचा न्हाय."

"कवाच न्हाय, साहेब?"

"कवाच न्हाय."

नागप्पांनी वहीत तिचा अंगठा घेतला, खोलीची किल्ली तिच्या हातात दिली आणि ते निघून गेले. जाफरने कोटाचे राहिलेले बटण लावले. मग त्याला हसू येऊ लागले. त्याने करपलेली भाकरी तव्यावरून काढली, तिचे दोन तुकडे केले आणि मोठा तुकडा बायकोच्या पुढे धरला.

"घ्या, पाळनेवाल्या बाई. परंड्यात कळलं, की चाक तुझ्या नावानं हाय, तर लोक काय म्हनतील?"

"परंड्यात पहिल्यापास्नं ठावं हाय," ताहेराबी म्हणाली. "तुमालाच आज कळलं."

भाकरी खाऊन दोघांनी बोचकी उचलली आणि ते नव्या खोलीला धुराडे आहे की नाही हे पाहायला निघाले.